तुमच्या भाषेत काही वेगळं लिहिलंय का?

"तमिळमध्ये लिहिलंय तेच तुमच्या भाषेत आहे, की राजाने आपल्या माणसांसाठी काही वेगळं लिहून ठेवलंय?"

अण्णांनी हे विचारलं तेव्हा आम्ही मनोऱ्याच्या भिंतीतल्या शिळेसमोर उभे होतो. अण्णा म्हणजे तंजावरहून मला घेऊन आलेल्या गाडीचे चालक. पन्नाशी ओलांडलेले, पांढरी वेष्टी, कपाळावर सकाळी लावलेली आणि आता घामाने अर्धी उतरलेली विभूती. तमिळ मजकूर त्यांना जवळजवळ पाठ होता, कितीतरी प्रवाशांना त्यांनी तो वाचून दाखवला असणार. पण मराठी वाचणारं माणूस आपल्या गाडीत पहिल्यांदाच बसलंय, असं ते निघाल्यापासून दोनदा म्हणाले होते. हा प्रश्न त्यांनी बरीच वर्षं सांभाळून ठेवला असावा. मी शिळेच्या जवळ गेले. अक्षरं झिजलेली, खाऱ्या वाऱ्याने कडा खाल्लेल्या. बोट फिरवत, अडखळत, जेवढं लागलं तेवढं वाचलं. मजकूर तोच होता. इंग्रज सरकारचे स्नेही, तंजावरचे राजे सरफोजी महाराज यांनी इंग्रजांच्या विजयाची आणि बोनापार्टच्या पाडावाची आठवण म्हणून हा स्तंभ उभारला. पाच भाषांत एकच गोष्ट. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "हो, थोडं वेगळं आहे. इथून जाणाऱ्या गलबतांना दिशा कळावी, दर्यावर गेलेली माणसं सुखरूप घरी यावीत, म्हणून बांधलाय असं लिहिलंय." त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. शिळेला हात लावून तो त्यांनी डोळ्यांना लावला आणि गाडीकडे निघून गेले.

मी खोटं बोलले होते, आणि त्या खोट्याला त्यांनी नमस्कार केला होता.

मनोरा. अण्णांसाठी ते एका जागेचं नाव होतं, पुणे किंवा पंढरपूर म्हणावं तसं. माझ्या कानाला मात्र तो रोजच्या बोलण्यातला शब्द. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर, ताडांच्या आणि माडांच्या मधोमध, तमिळ माणसाच्या तोंडून तो ऐकताना अंगावर काटा आला होता हे खरं. तंजावरपासून ६०-६५ किलोमीटरवर, मल्लिपट्टणमच्या जवळ, अगदी पाण्यालगत हा षटकोनी बुरूज उभा आहे. आठ मजल्यांचा, भोवती खंदक आणि तटभिंत. प्रत्येक मजल्याला पुढे आलेली कड, त्यामुळे लांबून तो एकावर एक रचलेल्या डब्यांच्या चळतीसारखा दिसतो. त्या दिवशी वर जायचा जिना बंद होता. खालच्या दालनांतून फिरताना चुन्याचा गार वास येत होता, आणि कमानीतून समुद्राचा एक निळसर-राखी तुकडा दिसत होता, लाट नसलेला.

या प्रवासाला मी अभिमान गोळा करायला निघाले होते, हे आता कबूल करायला हवं. तीन दिवस आधी तंजावरात बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात, नैऋत्येच्या बाजूला, भिंतीवर कोरलेल्या त्या लांबच लांब मराठी लेखासमोर मी तासभर उभी होते. १८०३ साली सरफोजींनी भोसले घराण्याची बखरच दगडात उतरवून घेतली. ओळीमागून ओळ देवनागरी. पायाखाली तापलेली फरशी, राजराज चोळाचं हजार वर्षांचं शिखर डोक्यावर, शाळेच्या सहलीतल्या मुली मोगऱ्याचा वास मागे ठेवून घोळक्याने पुढे जात होत्या, आणि त्या गर्दीत ती भिंत वाचू शकणारी बहुधा मी एकटीच. घसा दाटून आला. दूरच्या गावी अचानक आपल्या आजोळचं आडनाव एखाद्या दारावर दिसावं, तसं. सरस्वती महाल ग्रंथालयात गेले तर तिथे मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितं आणि सरफोजींच्या काळातली डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं, रोगी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. एक राजा रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून ठेवतो, शिकायला पुस्तकं छापतो. १८०५ साली त्याने तंजावरात देवनागरीचा छापखाना घातला होता. मला हे सगळं घरी नेऊन लोकांना दाखवायचं होतं.

मधला एक दिवस तरंगंबाडीत काढला. तिथे माझं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा मी तिथे इतकी मोकळी फिरले. डॅनिश लोकांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून बांधलेला फिकट पिवळसर डान्सबोर्ग किल्ला, सव्वादोनशे वर्षांनी, १८४५ साली, इंग्रजांना विकून टाकलेला. किल्ल्याच्या पुढे माळ, माळाच्या पुढे समुद्र. शेजारी मासिलामणिनाथाचं देऊळ, चौदाव्या शतकाच्या आरंभीचं, ज्याचा पुढचा भाग लाटांनी कधीच ओढून नेलाय. देवळाचे दगड पाण्यात पडलेले दिसतात, त्यांच्यावर शेवाळ आणि खेकडे. ज्या गल्लीतून १७०६ साली जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग, ज्याने पुढे इथेच बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला, चालत गेला, त्या गल्लीत मी दुपारी फिल्टर कॉफी पीत बसले होते. कोणी कोणाला काय विकलं, कोण कोणापुढे वाकलं, याचा मला काहीही त्रास झाला नाही. दुसऱ्याच्या घरातली भांडणं आपण खिडकीतून ऐकतो, तसं ते सगळं कानावर आलं आणि गेलं. समुद्र तिथे चांगला गाजत होता. रात्री झोपताना ती गाज ऐकून मला मालवणात असल्यासारखं वाटलं.

मनोऱ्याला जायची वाट ओरत्तनाडूवरून जाते. तिथे अण्णांनी न सांगताच गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंना राहायला-जेवायला बांधलेली धर्मशाळा. सरफोजींच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने, ती गेल्यावर, १८०२ च्या सुमाराला उभं केलेलं. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी कितीतरी छत्रं बांधली आणि त्यांतल्या बऱ्याचशांना घरातल्या बायकांची नावं दिली. मुक्तांबाळ, यमुनांबाळ, द्रौपदांबाळ. राजाच्या नावाचे किल्ले असतात, बाईच्या नावाचं अन्नछत्र, असा विचार मनात येऊन गेला आणि मग वाटलं, भुकेल्या माणसाला यातलं कुठलं नाव लक्षात राहत असेल? छत्राच्या एका बाजूला दगडात रथाची चाकं आणि तो ओढणारे घोडे, हत्ती. घोड्याचा एक पाय तुटलेला. आत अंधार, वटवाघळांचा उग्र वास, लाकडी खांबांवरची बारीक नक्षी धुळीने भरलेली. दहा मिनिटांत मी बाहेर आले. मला समुद्राकडे जायची घाई होती. आज ती घाई मला टोचते.

पट्टुकोट्टै जवळ यायला लागलं तशी दोन्ही बाजूंना माडाची बनं सुरू झाली. काथ्याचा कुजका-गोडसर वास काचा बंद असूनही आत आला. कोकणातल्या माणसाला माड बघून बरं वाटतं, मी तसं म्हणाले. अण्णा काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी गजाची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०१८ मधलं ते चक्रीवादळ. एका रात्रीत त्यांच्या वडिलांनी लावलेले चाळीसच्या चाळीस माड आडवे झाले. सकाळी उठून बघतात तो बाग नाहीच, नुसतं आभाळ. माड लावल्यापासून धरायला लागेपर्यंत किती वर्षं जातात हे मला कोणी सांगायला नको होतं. वीज कित्येक दिवस नव्हती. विहिरीत पाणी होतं पण पंप चालेना. मग कुठून तरी एक मोठा माणूस लॉरी भरून तांदूळ आणि ताडपत्र्या घेऊन आला. त्याच्याबरोबरच्या पोरांनी आधी फ्लेक्सचा बोर्ड लावायला सांगितला. त्या माणसाचा हसरा फोटो, खाली गावकऱ्यांतर्फे आभार. बोर्ड लागला, फोटो काढले, मग तांदूळ वाटला. "आम्हीच खांब रोवले," अण्णा म्हणाले, "पडलेल्या माडाचेच." नंतर तो फ्लेक्स त्यांनी गोठ्यावर घातला. दोन पावसाळे टिकला. हे सगळं त्यांनी रागाने सांगितलं नाही, नि दुःखानेही नाही. घरातला हिशोब सांगावा तसं सांगितलं. मी "अरेरे" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग समुद्र आला.

ज्याने लहानपण पश्चिम किनाऱ्यावर काढलंय त्याला पाल्कच्या उपसागरासमोर उभं राहून आधी कळतच नाही की हा समुद्र आहे. लंकेच्या आडोशाने तो निजलेला असतो. लाट म्हणजे ताटातल्या पाण्याला धक्का लागावा इतकीच. पाणी उथळ, तळाशी हिरवं सागरी गवत, त्याचे वाळलेले तपकिरी पट्टे किनाऱ्यावर गादीसारखे अंथरलेले, पाय टाकला की दबणारे. त्या गवतावर इथे समुद्रगाई चरतात. कडल पसू म्हणतात त्यांना, डुगाँग. २०२२ साली या किनाऱ्याजवळचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवलंय, देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. मला एकही दिसली नाही, तरी त्या सपाट पाण्याखाली एखादी आई पिल्लाला घेऊन संथपणे गवत ओढत असेल, या कल्पनेने मी बराच वेळ हलले नाही. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. इथे तो समुद्रातून वर आला होता आणि आता डोळ्यांवर येत होता. सगळंच उलटं.

उलटं आणखीही काही होतं, आणि ते त्या शिळेसमोर उभं राहिल्यावर कळलं. मी मालवणची. आमच्या पडवीतून सिंधुदुर्ग दिसायचा. १६६४ साली त्याची पायाभरणी झाली हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ. तिथे चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. लहानपणी दर वर्षी होडीने जायचं आणि त्या ठशावर, न टेकवता, आपला हात वर धरून बघायचा. समुद्रातला किल्ला म्हणजे येणाऱ्याला अडवायला उभा असलेला, एवढी एकच व्याख्या माझ्या डोक्यात होती. आणि इथे त्याच घराण्यातल्या, महाराजांच्या सावत्र भावाच्या वंशातल्या राजाने, त्याच भाषेत, समुद्राच्या काठी दगडात लिहून ठेवलं होतं की सातासमुद्रापारच्या तुमच्या विजयाने मला आनंद झाला. कोण बोनापार्ट, तंजावरच्या भातशेतांना त्याचं काय! ज्या राजाकडे लढायला सैन्य नव्हतं त्याने बांधलेला किल्ला. अण्णांना हे मराठीतून वाचून दाखवायची मला लाज वाटली. ते तमिळमध्ये लिहिलेलं होतं, इंग्रजीत होतं, तोवर ते इतिहासातलं एक वाक्य होतं. माझ्या जिभेवर आल्यावर ते माझ्या घरातलं झालं. म्हणून मी ते गिळलं आणि गलबतांची गोष्ट केली.

घरी आल्यावर हे काही केल्या जाईना. अण्णांचा तो डोळ्यांना लावलेला हात राहून राहून आठवायचा. सरफोजींबद्दल मिळेल ते वाचत गेले. सनावळ्या तशा माहीत होत्या, पण आता त्यांच्या मागे एक माणूस दिसायला लागला. दत्तक मुलगा, वारसा नाकारला गेलेला, चुलत्याच्या नजरेखाली वाढलेला, श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने मायेने सांभाळलेला. १७९८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आधाराने गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहावर सही करून राज्य गेलं. वय वर्षं बावीस. उरला तो तंजावरचा किल्ला, आसपासची थोडी जमीन आणि ठरलेली नेमणूक. मनोरा उभा राहत होता तेव्हा इकडे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, एल्फिन्स्टन त्याच्यावर नजर ठेवून होता. आणखी तीनेक वर्षांत शनिवारवाड्यावरही तोच झेंडा चढला. तेव्हा तंजावरच्या राजाला वाकला म्हणून दोष देताना आपण कुठे उभं राहून बोलतोय, हा प्रश्न पडतोच. पण या विचाराने मला पुरतं समाधानही झालं नाही. वाकणं वेगळं, आणि वाकल्याचा आठ मजली मनोरा बांधणं वेगळं, असं एक मन म्हणत राहिलं.

मग एका रात्री त्यांचं १८०१ सालचं एक पत्र वाचनात आलं. रेसिडेंट बेंजामिन टोरिनला लिहिलेलं, छत्रांबद्दल. तेवीस वर्षांचा, राज्य गमावून वर्ष-सव्वा वर्ष झालेला हा मुलगा विनवतोय की काहीही करा, पण छत्रांचा कारभार माझ्या हातून जाऊ देऊ नका. आणि तिथे काय काय चालतं ते सांगतोय. ब्राह्मणापासून ज्यांना शिवत नसत त्यांच्यापर्यंत, जोगी, बैरागी, वाटसरू, सगळ्यांना शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना कोरडा शिधा. वाटेत कोणी आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषधपाणी, मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बायकांची काळजी. आणि वाढप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मध्यरात्री घंटा वाजवतात, कोणी उपाशी झोपला असेल तर त्याने उठून यावं आणि भात घ्यावा म्हणून.

मी पत्र खाली ठेवलं.

आमची पणजी रात्री खळ्याचं दार लावण्याआधी कंदील घेऊन पायरीपर्यंत जायची आणि काळोखात हाक द्यायची, "कोण जेवचो रवलो नाय मां?" आम्ही सगळे आत जेवून अंथरुणात असायचो, गडी निजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी ती हाक रोज जायची. थोडं थांबायची, उत्तराची वाट बघायची, मग कडी. तिची कडी लागल्याचा आवाज आला की माझा डोळा लागायचा. ओरत्तनाडूच्या त्या अंधाऱ्या दालनात, वटवाघळांच्या वासाने नाकाला पदर लावून मी जिथून दहा मिनिटांत बाहेर पडले, तिथे दोनशे वर्षांपूर्वी मध्यरात्री तीच हाक धातूत वाजत होती. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेला, पाय सुजलेला कोणी म्हातारा उठून बसत असेल. त्यात आपल्याकडचेही असतील. घंटेला भाषा लागत नाही, शिळेला पाच लागल्या.

आणि ज्याने हे पत्र लिहिलं त्यानेच तेरा वर्षांनी ती शिळा लिहवली. दोन्ही एकाच धन्याला उद्देशून. पत्रातही तोच नम्र सूर आहे, स्वतःला कंपनीच्या आधाराचा म्हणवणारा. "स्नेही" या शब्दाच्या बदल्यात त्याला काय काय सांभाळता आलं, पुस्तकं, दवाखाना, भाताचं पातेलं, हे मी मोजू शकत नाही. पण मनोरा उंच आहे म्हणून मी त्याच्यासाठी ६५ किलोमीटर धावले, आणि जिथे थांबायचं तिथे थांबले नाही, हे मला कळलं. माझ्या मनातला सरफोजी आता दोन्हीकडे आहे. एकाकडे बघताना दुसऱ्यावरून नजर हलत नाही.

१४ एप्रिलला तमिळ नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला अण्णांचा फोन आला. घरच्यांची चौकशी झाली, पाऊस, उन्हाळा, माडाची नवी रोपं. आता छातीइतकी झाली आहेत म्हणाले. फोन ठेवायच्या आधी मी सांगून टाकलं. की त्या शिळेवर गलबतांचं काही नाही. मराठीतही तेच आहे, इंग्रजांच्या विजयाचं. मला सांगायला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले, माफ करा. तिकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं त्यांना माझं इंग्रजी कळलं नाही, मी पुन्हा सांगायला लागले.

"कळलं मॅडम," ते म्हणाले. "गजाच्या वेळी आम्ही पण बोर्ड लावला होता ना."

मग मी त्यांना पत्राबद्दल सांगितलं, मध्यरात्रीच्या घंटेबद्दल. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मध्यरात्री का, नक्की मध्यरात्रीच का. ओरत्तनाडूवरून ते आयुष्यभर ये-जा करत आलेत, त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. "पुढच्या वेळी आलात की आधी तिथेच जाऊ," ते म्हणाले. "टॉर्च घेऊन येतो. घंटा नसेल आता, पण टांगायची कडी दगडात असेल कुठेतरी. वर बघावं लागेल."